प्रतिकृती संच-मोटारगाड्या
सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकत घेऊन ग्राहकाने स्वतः किंवा एखाद्या कारागिराकडून जुळवून घ्यावयाच्या मोटारगाडीला संच-मोटारगाडी किंवा ‘किट कार’ म्हणतात. अशा गाडीचे बाह्यरूप पूर्वीच्या एखाद्या नामांकित गाडीबरहुकूम बनविलेले असेल, तर तिला प्रतिकृती संच-मोटारगाडी असे संबोधण्यात येते. प्रतिकृतीसाठी मुख्यत्वे १९५०–७० या काळातील दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाड्या निवडल्या जातात. ए. सी. कोब्रा, लोटस सेव्हन, पोर्श ३५६ स्पीडस्टर, पोर्श ५५० स्पायडर आणि फोर्ड जी. टी. ४० ही प्रतिकृती केल्या जाणाऱ्या गाड्यांची ठळक उदाहरणे होत. मूळ गाड्या थोड्याच बनल्या आणि त्यांतील कित्येक शर्यतींत वा अपघातांत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या किंमती सामान्य रसिकाच्या आवाक्याबाहेर गेल्या. त्यामुळे प्रतिकृतींचा स्वतंत्र व्यवसाय उदयास आला.

प्रतिकृती, मूळ गाडीचा जीर्णोद्धार आणि बनावट गाडी यांतील भेद प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे. जीर्णोद्धारात मूळ सांगाडा व त्यावरील क्रमांक कायम राहतो. केवळ झिजलेले भाग बदलले जातात. प्रतिकृतीत सांगाडा नवा असतो व ती नवी असल्याचे उघडपणे सांगितलेले असते. नव्या सांगाड्यावर जुन्या गाडीचा क्रमांक कोरून ती मूळ म्हणून विकली, तर ती बनावट ठरते. तिन्ही गाड्या दिसण्यात सारख्या असू शकतात. त्यांतील फरक कागदपत्रांत आणि विक्रेत्याच्या सचोटीत असतो.

इतिहास : स्वतः गाडी बांधण्याची परंपरा इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वीची आहे. ऑस्टिन सेव्हन या स्वस्त छोट्या गाडीचा सांगाडा घेऊन त्यावर हलकी शर्यतीची काया बसविणाऱ्या हौशी मंडळींसाठी १९३९ साली ‘७५० मोटर क्लब’ ही संस्था स्थापन झाली. युद्धोत्तर काळात नव्या गाड्यांची टंचाई होती, तर जुन्या ऑस्टिन व फोर्ड गाड्या भंगारात मुबलक मिळत. त्याच सुमारास काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिक हे नवे द्रव्य उपलब्ध झाले. पत्र्याची वक्राकार काया घडविण्यास मोठी दाबयंत्रे किंवा निष्णात पत्राकाम करणारा कारागीर लागतो. काचतंतूंची काया मात्र साध्या शेडमध्ये, थोड्या भांडवलावर बनविता येते. अमेरिकेत १९५३ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेट ही काचतंतूंची काया असलेली गाडी कारखान्यातून बाहेर पडली आणि या द्रव्याची उपयुक्तता सर्वमान्य झाली.

ब्रिटनमधील करपद्धतीने या व्यवसायास अनपेक्षित हातभार लावला. तेथे पूर्ण तयार गाडीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांच्या स्वरूपात विकलेल्या गाडीवर तो लागत नसे. कॉलिन चॅपमन (१९२८–८२) यांनी १९५७ साली लोटस सेव्हन ही अत्यंत साधी व हलकी गाडी बाजारात आणली आणि ती मोठ्या प्रमाणावर संचरूपात विकली. संचाबरोबर जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती. म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात व ग्राहकाने त्या उलट क्रमाने वाचाव्यात अशी अपेक्षा असे, असे सांगितले जाते. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला व ही सवलत संपुष्टात आली. लोटसने सेव्हनचे उत्पादन थांबविले. तथापि तिचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या संस्थेने घेतले व ती गाडी पुढे चालू ठेवली. कर गेला तरी संच घेणारा ग्राहक टिकून राहिला, यावरून या छंदाचे मूळ केवळ काटकसरीत नव्हते हे स्पष्ट होते.

अमेरिकेत १९६४ साली ब्रूस मेयर्स (१९२६–२०२१) यांनी फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रभागांवर काचतंतूंची काया चढवून ‘मेयर्स मँक्स’ ही वाळवंटात धावणारी गाडी बनविली. तिची इतकी सर्रास नक्कल झाली की, मूळ गाड्यांपेक्षा नकलांची संख्या अनेक पटींनी वाढली. न्यायालयात मेयर्स यांचे एकस्व टिकू शकले नाही. त्याच वर्षी ब्रूक्स स्टीव्हन्स (१९११–९५) या अभिकल्पकाने मर्सिडीझ एसएसके या १९२८ च्या सुमाराच्या गाडीच्या धर्तीवर, परंतु स्टुडबेकर गाडीच्या सांगाड्यावर, ‘एक्सकॅलिबर’ सादर केली. ही संच-गाडी नव्हती. पण जुने रूप व नवी यंत्रणा यांची सांगड घालण्याची कल्पना तिने लोकप्रिय केली. सत्तरीच्या दशकात बीटलच्या तळावर बसणाऱ्या बुगाटी, एम. जी. व मर्सिडीझ यांच्या ‘काया’ अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. त्यांतील पुष्कळशा प्रमाणबद्धतेच्या दृष्टीने सदोष होत्या : पुढील लांब झाकणाखाली एंजिनच नसे, कारण बीटलचे एंजिन मागे असते. या उथळ अनुकरणामुळे संच-गाडीला काही काळ हिणकस मानले जाई. ऐंशीच्या दशकापासून स्वतंत्रपणे अभिकल्पित सांगाडे आले आणि प्रतिकृतींचा दर्जा सुधारला.

प्रमुख नमुने : (१) ए. सी. कोब्रा : सर्वाधिक प्रतिकृती झालेल्या गाड्यांत हिची गणना होते. इंग्लंडमधील टेम्स डिटन येथील ए. सी. कार्स ही कंपनी १९५३ पासून ‘एस’ नावाची सुबक स्पोर्ट्स गाडी बनवीत असे. तिचा सांगाडा जॉन टोजेरो यांच्या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेला होता आणि कायेवर फेरारीच्या ‘बार्केटा’ गाडीची छाप होती. टेक्ससमधील शर्यतपटू कॅरोल शेल्बी (१९२३–२०१२) यांनी १९६२ साली या हलक्या गाडीत फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे एंजिन बसविले. प्रारंभी ४·३ लि., नंतर ४·७ लि. आणि १९६५ पासून ७ लि. क्षमतेची एंजिने वापरण्यात आली. शेवटच्या प्रकारासाठी सांगाड्याच्या मुख्य नळ्यांचा व्यास सु. ७·५ सेंमी. वरून सु. १० सेंमी. करण्यात आला, आडव्या पाट्यांऐवजी मळसूत्री स्प्रिंगा आल्या आणि रुंद चाकांसाठी चिखलरोधक फुगीर करावे लागले. बहुतेक प्रतिकृती या फुगीर रूपाच्याच आहेत. १९६७ पर्यंत सर्व प्रकार मिळून सु. १,००० गाड्या बनल्या. पहिली कोब्रा ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली. प्रतिकृती कोब्रा याच्या अल्पांश किंमतीत उभी राहते.

ब्रिटनमध्ये कोब्रा-प्रतिकृतींसाठी जॅग्वार गाडीचे स्वतंत्र निलंबन असलेले मागील आस-एकक आणि रोव्हरचे ३·५ लि. एंजिन यांचा बराच वापर झाला. अमेरिकेत फोर्ड मस्टँगचे भाग सोईचे ठरले. मॅसॅचूसेट्समधील फॅक्टरी फाइव्ह रेसिंग ही १९९५ मध्ये स्थापन झालेली संस्था याच तत्त्वावर वाढली. दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथेही कोब्रा व जी. टी. ४० यांच्या प्रतिकृतींचा मोठा उद्योग आहे. तेथील गाड्या बहुधा एंजिन वगळून पूर्ण जुळविलेल्या अवस्थेत निर्यात होतात.

(२) लोटस सेव्हन : ही गाडी म्हणजे पोलादी नळ्यांचा त्रिकोणी जाळीदार सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा, पुढे एंजिन आणि मागे दोन आसने. वजन सु. ५०० किग्रॅ. असल्याने माफक शक्तीच्या एंजिनावरही ती अतिशय चपळ ठरते. सपाट पत्र्यामुळे तिची प्रतिकृती घरच्या साधनांनी करता येते. १९९६ साली रॉन चँपियन यांनी २५० पौंडांत अशी गाडी कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक लिहिले. त्यातून ‘लोकॉस्ट’ या नावाने ओळखला जाणारा वर्गच निर्माण झाला. यात संचही विकत घ्यावा लागत नाही; चौकोनी पोलादी नळ्या कापून व वितळजोड देऊन सांगाडा घरीच तयार केला जातो.

(३) पोर्श ३५६ स्पीडस्टर व ५५० स्पायडर : १९४८ साली पोर्शने आपली ३५६ ही गाडी फोक्सवॅगनच्या यंत्रभागांवरच उभी केली होती. त्यामुळे बीटलच्या तळावर बनविलेली स्पीडस्टरची (१९५४) प्रतिकृती वंशपरंपरेला धरून असते : एंजिन मागे, हवेने थंड होणारे आणि चार समोरासमोरील सिलिंडरांचे. बीटलच्या पुढील व मागील आसांमधील अंतर २·४ मी., तर पोर्शचे २·१ मी. असल्याने तळ मध्ये कापून सु. ३० सेंमी. ने आखूड करावा लागतो आणि पुन्हा वितळजोड द्यावा लागतो. या जोडाच्या गुणवत्तेवर गाडीची सुरक्षितता अवलंबून असते.

रचना व जुळणी : संचात सामान्यतः सांगाडा, काया, आसने, काचा आणि किरकोळ जोडणीसाहित्य येते. एंजिन, गिअर पेटी, आस, गतिरोधक व सुकाणू यंत्रणा हे भाग भंगारातील वा अपघातग्रस्त अशा एकाच प्रकारच्या गाडीतून काढून घेतले जातात. तिला ‘दाता गाडी’ म्हणता येईल. एकाच दाता गाडीवर भिस्त ठेवण्यात मोठा लाभ असतो, कारण तिचे भाग एकमेकांना जुळणारे असतात. निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र केल्यास गतिरोधकांचा पुढील व मागील समतोल बिघडण्याचा संभव असतो.

सांगाड्याचे तीन प्रकार प्रचलित आहेत. दोन जाड समांतर नळ्यांना आडव्या पट्ट्या जोडून केलेला शिडीवजा सांगाडा बनविण्यास सोपा, पण पिळाला कमी रोध करणारा असतो. बारीक नळ्यांचा त्रिकोणी जाळीदार सांगाडा हलका व ताठ असतो. त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही, हे त्याचे मूलतत्त्व होय. जी. टी. ४० सारख्या गाडीत मूळचा पोलादी पत्र्याचा एकसंध सांगाडा असतो. त्याची नक्कल सर्वांत खर्चिक. उघड्या टपाच्या गाडीत छताचा आधार नसल्याने सांगाड्याचा पीळरोध विशेष महत्त्वाचा ठरतो. तो अपुरा असेल, तर खडबडीत रस्त्यावर दारे आपोआप उघडतात, काया तडकते आणि चाकांचे कोन बदलून गाडी भरकटू लागते.

काया बनविण्यासाठी प्रथम पूर्णाकृती नमुना तयार करतात किंवा खऱ्या गाडीवरूनच साचा घेतात. साच्याच्या आतील पृष्ठावर मेण चोळून त्यावर रंगीत रेझिनाचा पातळ थर देतात. तो घट्ट होताच काचतंतूंच्या चटईचे तुकडे पसरून पॉलिएस्टर रेझिनाने भिजवितात व रुळाने दाबून हवेचे बुडबुडे काढून टाकतात. पुरेसे थर झाल्यावर द्रव्य घट्ट होऊ देतात व काया साच्यातून सोडवितात. हे द्रव्य पूर्ण पक्के होण्यापूर्वी काया काढली, तर ती मागाहून आक्रसते व रंगाखाली तंतूंची जाळी उमटते. काम करताना रेझिनाच्या वाफा व घासकामातील काचधूळ यांपासून डोळे आणि फुप्फुसे जपावी लागतात (⟶ प्लॅस्टिक व उच्च बहुवारिके).

काचतंतूंची काया गंजत नाही. परंतु ती वीजवाहक नसल्याने एक विशिष्ट अडचण उद्भवते. पत्र्याच्या गाडीत विद्युत् घटमालेचे एक अग्र कायेला जोडले की, दिवे, भोंगा वगैरेंचा परतीचा मार्ग कायेतूनच पूर्ण होतो. काचतंतूंच्या गाडीत मात्र प्रत्येक उपकरणापासून सांगाड्यापर्यंत स्वतंत्र परतीची तार न्यावी लागते. नव्या जुळणीकाराच्या गाडीतील दिवे मंद जळणे, मापक चुकीचे आकडे दाखविणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच असते. इंधन नळ्यांची बांधणी, एंजिनाची उष्णता बाहेर काढणे आणि कायेतील फटी एकसारख्या राखणे ही कामेही वेळखाऊ असतात. चांगल्या जुळणीस काही शेकडो तास लागतात. अर्धवट सोडलेले संच बाजारात नेहमीच विक्रीस असतात, ही या छंदाची दुसरी बाजू होय.

सुरक्षितता व नोंदणी : मूळ गाड्या आजच्या सुरक्षा-नियमांपूर्वीच्या आहेत. सुरक्षा-पट्टे, आघातात आक्रसणारा सुकाणू-दंड, दुहेरी मंडलांचे गतिरोधक यांचा त्यांत अभाव असे. प्रतिकृतीने रूपाबरोबर हे दोषही उचलावेत का, हा प्रश्न निर्माण होतो. ब्रिटनने १९९८ मध्ये हौशी बांधणीच्या गाड्यांसाठी एकेका वाहनाची तपासणी सक्तीची केली. २००९ मध्ये तिच्या जागी अधिक कडक अशी वैयक्तिक वाहन मान्यता पद्धती आली. तीत गतिरोधक, पट्ट्यांची बांधणी, दिवे, धूर व आवाज यांबरोबरच बाह्य कडांची गोलाईसुद्धा मोजली जाते, कारण टोकदार कडा पादचाऱ्यास इजा करते. ज्या गाडीचे वय वा मूळ निश्चित करता येत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो.

अमेरिकेत संच-गाड्यांची नोंदणी राज्यांच्या अखत्यारीत येते. कारखान्यात पूर्ण बांधलेल्या प्रतिकृतींना मात्र संघराज्याचे आघातविषयक नियम लागू पडत. २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना, किमान २५ वर्षे जुन्या गाडीच्या प्रतिकृती वर्षाला ३२५ पर्यंत बांधून विकण्याची मुभा दिली. एंजिनाने मात्र प्रदूषणविषयक निर्बंध पाळलेच पाहिजेत. तिची अंमलबजावणी करणारे नियम निघण्यास आणखी काही वर्षे लागली.

भारतात या प्रकारच्या गाड्यांना वाव फार थोडा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये उत्पादकाला आपल्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकच गाडी जुळविणाऱ्या हौशी व्यक्तीला हा खर्च पेलत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ही तरतूद काटेकोरपणे लावली. त्यामुळे दाता गाडीची काया उतरवून दुसरी चढविणे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरते. तथापि महाराष्ट्रात या क्षेत्रातील एक उल्लेखनीय प्रयत्न झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रायगड जिल्ह्यात अलिबागजवळील कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स या छोट्या संस्थेने लोटस सेव्हनच्या धर्तीवर ‘चिंकारा रोडस्टर’ ही दोन आसनी गाडी बनविली. तिच्यात इसुझूचे १·८ लि. पेट्रोल एंजिन होते. तेच एंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडर गाडीतही वापरात होते. सहज दुरुस्त होणारे देशी यंत्रभाग व परक्या भूमीवरील अभिजात रूप यांचा तो मेळ होता.

बौद्धिक संपदेचा प्रश्न : गाडीचे नाव व बोधचिन्ह हे व्यापारचिन्ह म्हणून संरक्षित असतात, याविषयी फारसा वाद नाही. म्हणूनच अनेक निर्माते ‘कोब्रा’ हा शब्द टाळून केवळ ‘रोडस्टर’ असे नाव देतात. खरा वाद आकाराविषयी आहे. ‘फेरारी विरुद्ध रॉबर्ट्स’ या खटल्यात (१९९१) अमेरिकेच्या सहाव्या मंडल अपील न्यायालयाने फेरारीच्या डेटोना स्पायडर व टेस्टारोसा या गाड्यांचे बाह्यरूप हेच त्यांची ओळख असल्याचे मानून प्रतिकृतींवर बंदी कायम केली. प्रतिकृती घेणाऱ्याची फसवणूक होत नसली, तरी रस्त्यावरून ती पाहणाऱ्यांचा गैरसमज होतो आणि मूळ गाडीची दुर्मिळता उणावते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने २०१९ मध्ये फेरारी २५० जी. टी. ओ. ही गाडी कलाकृती असल्याचा निर्णय दिला. पुढील वर्षीच यूरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने त्याच आकाराची व्यापारचिन्ह म्हणून झालेली नोंद बहुतांशी रद्द केली. यावरून कायदा अद्याप स्थिरावलेला नाही हे दिसून येते.

मूळ व प्रतिकृती : ‘मूळ’ या शब्दाचा अर्थही या व्यवसायाने तपासावयास लावला आहे. जॅग्वार कारखान्यास फेब्रुवारी १९५७ मध्ये लागलेल्या आगीत एक्सकेएसएस प्रकारच्या २५ नियोजित गाड्यांपैकी नऊ नष्ट झाल्या. त्या नऊ गाड्या जुन्या आराखड्यांवरून पुन्हा बांधण्याची घोषणा कंपनीने २०१६ मध्ये केली. ॲस्टन मार्टिननेही २०१७ मध्ये डीबी४ जीटीच्या २५ गाड्या अशाच बांधावयास घेतल्या. मूळ कंपनीनेच सु. साठ वर्षांनंतर बांधलेली गाडी मूळ म्हणावी की प्रतिकृती, याचे एकमताचे उत्तर नाही. अशा गाड्यांना ‘अनुवर्ती’ हे तिसरेच नाव देण्यात आले आहे. दुसरीकडे, खुद्द कोब्राची काया फेरारीच्या छायेत आणि पोर्शची पहिली गाडी फोक्सवॅगनच्या भागांतून जन्मली होती, हे पाहता निखळ मूळ असे अभियांत्रिकीत क्वचितच आढळते.

प्रतिकृतींचा एक उपयोग निर्विवाद आहे. कोट्यवधींची मूळ गाडी संग्रहालयात वा बंद कोठारात राहते. तिचा आवाज, तिचे वळण, तिच्या सुकाणूचा जडपणा यांचा अनुभव आज अनेकांना प्रतिकृतीमुळेच मिळतो. ‘फोर्ड व्ही. फेरारी’ (२०१९) या चित्रपटातील शर्यतींच्या चित्रीकरणात प्रतिकृती वापरल्याने मूळ गाड्या धोक्यात घालाव्या लागल्या नाहीत. काचतंतूंचे काम, वितळजोडकाम व वाहनांची विद्युत् रचना ही कौशल्ये हौशी मंडळींत टिकून राहण्यासही या छंदाचा हातभार लागला आहे. मात्र यासाठी प्रतिकृतीने आपण प्रतिकृती असल्याचे लपविता कामा नये. सांगाड्यावरील खरा क्रमांक व नोंदणीपत्रातील खरे वर्ष यांवरच प्रामाणिक प्रतिकृती आणि बनावट गाडी यांतील सीमारेषा अवलंबून असते (⟶ मोटारगाडी, मोटारगाड्यांच्या शर्यती).